शनिवारची हाळी

खोटं बोलायचं तर माणसाने निदान आवाज खाली ठेवावा. मला तेवढंही जमलं नाही. आमच्या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना माझं खोटं ठाऊक आहे, तेव्हा आता झाकण्यासारखं काही उरलेलं नाही. सांगूनच टाकते.

आमच्या ब्रश क्रीकला दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला तंबाखूच्या जुन्या वखारीत जुबिली होते. फिडल, बँजो, गिटार, दोन-चार गाणारे, मधूनमधून पिठाच्या कंपनीची जाहिरात गाणाऱ्या तिघी बहिणी, आणि कार्यक्रम चालवणाऱ्या टॅल्मेजचे तेच ते विनोद. जे घडतं ते तसंच्या तसं रेडिओवरून सगळ्या पंचक्रोशीत ऐकू जातं. कुणी सूर चुकला तरी ऐकू जातं, कुणाचं पोर रडलं तरी ऐकू जातं. शेहेचाळीस सालापासून एकही शनिवार चुकलेला नाही. पुरात पूल वाहून गेला त्या वर्षी वादक ट्रॅक्टरवर बसून आले होते. टेनेसीत याहून मोठे कार्यक्रम आहेत, असतील. मला त्यांचं काही सांगू नका.

शेवटी नेहमी एकच धून वाजते, ‘आडमुठं खेचर’. तिघं फिडलवाले घोडदौडीसारखं वाजवत येतात आणि मध्येच सगळे एकदम थांबतात. खेचर अडलं. वखारीत चिटपाखरूही बोलत नाही. मग प्रेक्षकांतून कुणीतरी हाळी द्यायची, की खेचर परत सुटतं आणि लोक उठून नाचायला लागतात. ती हाळी गेली वीसेक वर्षं माझी आहे. माझा बाप डुकरं पाळायचा. टेकडीवर सुटलेली डुकरं संध्याकाळी हाळी देऊन खाली बोलवायची हे माझं लहानपणचं काम. तो आवाज बापाने दिला, बाकी त्याने फारसं काही दिलं नाही. लोक मला दुकानात भेटले की नाव घेत नाहीत, “खेचरवाली ना तुम्ही?” विचारतात. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, फार आवडायचं.

वखारीच्या दाराशी म्हाताऱ्या रूफसची हजेरीची वही असते. जो नेमाने येतो त्याच्या नावापुढे दर शनिवारी खूण. सलग पंचवीस वर्षं, एकही खाडा नाही, तर तुमचं नाव तुमच्या बाकाच्या पाठीवर कोरतात आणि स्टेजवर बोलावून टाळ्या वाजवतात. एक शनिवार चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, मग तुम्ही बाळंत व्हा नाहीतर मरून परत या. आजवर चारच नावं कोरली गेली. पाचवं माझं होणार होतं. माझा नवरा लेस्टर मंगळवारी गेला, शुक्रवारी त्याला पुरलं, आणि शनिवारी मी बाकावर होते. लोक म्हणाले, केवढी ही निष्ठा. मीही मान डोलावली.

आता हर्शलचं सांगायला हवं. हर्शल आणि ऑर्लीन माझे शेजारी, मधे फक्त एक कुंपण आणि त्यात फाटक. आम्ही तिघं चौथ्या बाकावर बसायचो. मधे हर्शल, एका बाजूला ऑर्लीन, दुसऱ्या बाजूला मी. खेचर अडलं की तो नेमका कधी तोंड उघडायचं ते कोपराने सांगायचा. माझ्या बरगडीत हलकेच एक ढुशी, की माझी हाळी सुटलीच. “पोरी, तू बंदूक आणि मी घोडा,” म्हणायचा. त्याचा हिशेब कधी चुकला नाही.

हर्शलचीही एकोणीस वर्षं भरली होती. लेस्टर अंथरुणाला खिळला तेव्हा शनिवारी त्याच्यापाशी बसायला कुणी नव्हतं. मी काही बोलले नव्हते, पण चेहऱ्यावर दिसलं असणार. हर्शल टोपी हातात घेऊन माझ्या दारात आला आणि म्हणाला, “तू जा. ऑर्लीन नेईल तुला. मी बसतो याच्यापाशी, आम्ही दोघं रेडिओ ऐकू.” असे पाच शनिवार. त्याची एकोणीस वर्षं पुसली गेली. त्याबद्दल तो पुन्हा कधी एक अक्षर बोलला नाही, आणि मीही त्याला कधी धड थँक्यू म्हटलं नाही.

तो ऑक्टोबरातल्या एका बुधवारी गोठ्यात पडला तो उठलाच नाही. माझे पंचवीस वर्षांतले शेवटचे दोन शनिवार उरले होते. गुरुवारी सकाळी ऑर्लीन फाटकातून आली, माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, “फ्युनरल होमवाले शनिवारी सहा ते आठ अंत्यदर्शन म्हणतायत. रविवारी दोनला माती.”

“शनिवारी?” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. “दुसरी वेळच नाही त्यांच्याकडे. नेवा, तू माझ्या शेजारी उभी राहा. ती सगळी माणसं रांगेने येणार, हात हातात घेणार, तेच तेच बोलणार. मला एकटीला झेपायचं नाही ते.” त्यांना मूलबाळ नाही. तिचा भाऊ ओहायोत, तो रविवारीच पोचणार होता.

“राहते की,” मी म्हणाले. “हे काय सांगायला हवं?”

तिने अख्ख्या आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

शुक्रवारभर मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, हर्शलला तसा निपचित पडलेला मला बघवणार नाही. म्हटलं, त्यालाच आवडलं असतं मी गेलेली. मेलेल्या माणसाच्या तोंडी काय वाटेल ते घालता येतं. खरं एकच होतं, मला माझं नाव त्या बाकावर हवं होतं. शनिवारी दुपारी मी ऑर्लीनला फोन लावला. मधे कुंपण होतं, चाळीस पावलांवर तिचं दार होतं, आणि मी फोन लावला.

“ऑर्लीन, मला उठवतच नाही गं,” मी आवाज बारीक करून म्हणाले. “रात्रीपासून सारखी धावतेय. पोटात पाणीसुद्धा ठरत नाही.”

“अगं पण नेवा, मी तर तुझ्यासाठी...”

“ठेवते गं, परत कळ आली.”

 ती म्हणाली, “बरं. खारी बिस्किटं चघळ, थोडं थोडं पाणी पी. माझं मी बघते.” तिला काहीतरी सांगायचं होतं हे मला कळलं होतं. मी ऐकून घेतलं नाही, कारण ऐकलं असतं तर माझं सोंग टिकलं नसतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तशी मी त्या संध्याकाळी निघाले. फ्युनरल होमचा रस्ता टाळून खाणीच्या बाजूने गेले, गाडी लाकडाच्या गिरणीमागे लावली, डोक्याला रुमाल बांधला. आयुष्यात पहिल्यांदा मी वखारीत मागच्या दाराने शिरले. रूफस बाहेर गाड्या लावून देत होता. कडेकडेने पुढच्या दाराशी गेले, तर वही टेबलावर उघडी होती, दोरीला बांधलेली पेन्सिल बाजूला. मी माझं नाव शोधलं, तर पुढे खूण आधीच झालेली.

मला काय वाटावं? आनंद झाला. म्हटलं, चोवीस वर्षं आणि एवढे महिने, म्हाताऱ्याच्या हाताला सवयच लागली असणार, न बघता करून टाकली खूण. आता यापुढचं नीट ऐका, कारण हाळीपेक्षा मला याचीच जास्त लाज वाटते. खूण झाली होती. माझं काम झालं होतं. घड्याळात सहा पंचवीस झाले होते. तशीच मागे फिरले असते तर सात वाजायच्या आत ऑर्लीनच्या शेजारी उभी राहिले असते, पोट जरा बरं वाटलं म्हणाले असते, आणि कुणाला काही कळलं नसतं. मी गाडीची किल्ली हातात घेतलीसुद्धा. तेवढ्यात आतून फिडलवाल्यांनी तारा जुळवायला घेतल्या. तो आवाज मला आजही आवरत नाही. कुणी भाजीला फोडणी घातली की भुकेल्या माणसाचं जे होतं ते माझं होतं. म्हटलं, एक गाणं ऐकते.

मी सगळ्यात मागच्या बाकावर बसले. चौथ्या बाकावर तीन जागा रिकाम्या होत्या आणि त्या मला जिथून बघावं तिथून दिसत होत्या. टॅल्मेजने सुरुवातीलाच टोपी काढून हर्शलचं नाव घेतलं. “आपला हर्शल आज पहिल्या रांगेत बसायला वर गेलाय,” म्हणाला, आणि सगळी वखार हळहळली. मग म्हणाला, “आणि आपली मिस नेवा आज त्याच्यापाशी आहे, जिथं असायला हवं तिथंच. तेव्हा आज खेचराचं काय करायचं ते तुम्ही बघा लोकहो.” लोक हसले. मी रुमाल आणखी पुढे ओढला. तेव्हा तरी उठावं. पण त्या पिठाच्या जाहिरातवाल्या तिघींतल्या मोठीने गायला सुरुवात केली होती, आणि त्या दिवशी तिचा आवाज काय लागला होता.

दीड तास मी सगळं विसरले. हे कबूल करायला जिभेला जड जातंय, पण हर्शल तिकडे पेटीत आणि मी इकडे पायाने ताल धरून सुखात होते. माझी ओळख लागू नये एवढीच काळजी. आरोळी नाही, टाळीसुद्धा बेताची.

मग खेचर आलं. मी ठरवूनच होते. रुमालाचं टोक दातांत धरलं आणि हात मांडीखाली घातले. धून धावत आली, आणि अडली. सगळी वखार गप्प. फिडलवाल्याने सवयीने चौथ्या बाकाकडे फिडलचा बो उचलला आणि तिथे कुणी नाही हे बघून तसाच धरून राहिला. कुणी हाळी देईना. रेडिओवर एवढी शांतता म्हणजे फार होते. माझ्या शेजारी एक जाडगेला माणूस मक्याच्या लाह्या खात होता. मी त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलं नाही. आता कोण ओरडतंय ते बघायला तो वळला, आणि त्याचं कोपर माझ्या बरगडीत लागलं.

हाळी सुटली. मी दिली नाही, सुटली. आणि कधी नव्हे एवढी मोठी सुटली. छपरातली कबुतरं उडाली.

लोक वेडे झाले. खेचर सुटलं, बाक सरकले, आणि टॅल्मेज माइकमध्ये ओरडला, “आली बघा आली! मिस नेवा, अगं कुठं दडून बसलीस? हर्शलला पोचवून धावत आलीस होय? याला म्हणतात भक्त!”

मी घरी येताना मनाशी हिशेब मांडला. ज्यांना कळून उपयोग ते सगळे त्या वेळी फ्युनरल होमला पेटीसमोर उभे. तिथे रेडिओ कुठून असणार? सोमवारपर्यंत लोक विसरतील. आणि वखारीतल्यांना वाटलंच आहे की मी तिकडून धावत आले. सुटले, असंच मला वाटलं. घरी येऊन मी शिळी मक्याची भाकरी ताकात कुस्करून खाल्ली आणि छान झोपले.

रविवारी सकाळी कोंबडी आणि भाताचं मोठं भांडं भाजलं, वर खाऱ्या बिस्किटांचा चुरा घातला, भांडं परत मिळावं म्हणून तळाला नावाची चिकटपट्टी लावली आणि दुपारी काळा झगा घालून चर्चला गेले. तोंड जरा ओढून घेतलं होतं. आजाऱ्याचं सोंग एक दिवस तरी पुढे न्यायला हवं.

पायऱ्यांवर माव्हिस उभी होती. माव्हिस आमच्या चर्चची पियानोवाली. तिला कुणाचं काय चाललंय ते देवाच्या आधी कळतं.

“पोट कसं आहे गं नेवा आता?” तिने विचारलं.

“आज जरा बरं आहे. पण अशक्तपणा...”

“अशक्तपणा,” माव्हिस म्हणाली. “आवाजात काही जाणवला नाही.”

मी भांडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

“तुला ठाऊक नाही होय? ऑर्लीनने स्वयंपाकघरातला रेडिओ उचलून आणला होता. पेटीच्या उशाशी स्टुलावर ठेवला. म्हणाली, हर्शलची शेवटची जुबिली चुकायला नको. साठ-सत्तर माणसं होतो आम्ही. आठला पाच कमी असताना खेचर अडलं, आणि पाद्रीबाबा नेमके प्रार्थनेला हात जोडून उभे.” तिने पर्समधून हातमोजे काढले आणि एकेक बोट नीट घालत बसली. “तुझं नावसुद्धा घेतलं टॅल्मेजने. छान घेतलं.”

 मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मी तेव्हा शिकले. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला अजून काही शिकायचं राहिलं असेल असं वाटलं नव्हतं. आत गेले तर माना माझ्याकडे वळल्या आणि लगेच पुढे फिरल्या.  पहिल्या बाकावर ऑर्लीन भावाशेजारी बसली होती, पाठ ताठ. मी सगळ्यात मागे बसले. त्या आठवड्यात मागचे बाक मला बरेच मानवले.

मातीनंतर सगळे तिच्या घरी जेवायला गेले. मी गेले नसते, पण भांडं हातात होतं. हॅम, भरली अंडी, घेवड्याची उसळ, केळ्याचं पुडिंग, टेबलावर जागा नव्हती. माणसं हळूहळू पांगली, भाऊ बाहेर सिगारेट ओढायला गेला, आणि स्वयंपाकघरात आम्ही दोघी उरलो. रेडिओ परत फडताळावर जागच्या जागी बसला होता.

“ऑर्लीन,” मी म्हणाले.

“पातेलं पूस,” ती म्हणाली आणि माझ्याकडे फडकं टाकलं. ती धुवत होती. मी पुसलं. दुसरंही पुसलं.

“मला वाटत होतं,” ती भांड्यांकडे बघतच बोलायला लागली, “की बिचाऱ्याला आज हाळीशिवायच जावं लागणार. नेवा आजारी. खेचर अडलं तेव्हा मी त्याच्या बाहीवर हात ठेवला आणि म्हटलं, म्हाताऱ्या, आज नाही रे. आणि मग आली.” तिने नळ बंद केला. “माव्हिसच्या हातातला कप पडला. मी हसले, नेवा. पेटीपाशी उभी राहून मी हसले, सगळ्यांनी बघितलं. एवढा आनंद झाला मला. मग टॅल्मेज बोलला, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की तू तिकडे आहेस म्हणजे इकडे नाहीस.”

 “माझं चुकलं,” एवढंच माझ्या तोंडून निघालं, तेही भांडं फोडलेल्या मुलीसारखं.

“मी गुरुवारीच रूफसला फोन केला होता. म्हटलं, नेवा शनिवारी माझ्यापाशी असेल, आणि तिथं रेडिओ असेल, तेव्हा तिला आलेलीच धर. तो ऐकेना. नियम म्हणजे नियम, म्हणाला. तेव्हा मी त्याला हर्शलच्या एकोणीस वर्षांची आठवण करून दिली. ती कुठं गेली ते विचारलं. मग म्हणाला, बरं, करतो खूण.” तिने हात पुसले. “तुला तिथं आल्यावर सांगणार होते. तुझं तोंड बघायचं होतं मला.”

म्हणजे ती खूण सवयीची नव्हती. मी ती बघितली होती, तिच्यावर खूश झाले होते, आणि आत जाऊन बसले होते. हे मी ऑर्लीनला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, तिला ते कधीच कळलं नसतं. पण एवढं उघडं पडल्यावर एक गोष्ट झाकून ठेवायची म्हणजे आणखीच किळस आली असती. खूण बघूनही मी थांबले, म्हणाले. फिडल जुळवत होते म्हणून.

ऑर्लीनने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. मग म्हणाली, “घरी जा नेवा. मी दमले.”

मंगळवारी मी रूफसच्या घरी गेले आणि ती खूण खोडायला सांगितली. तो अंगणात पानं जाळत होता.

“खोडू कशी?” तो म्हणाला. “ऑर्लीनच्या शब्दाने केली होती, ते खोटं निघालं म्हण. पण तू तर आली होतीस. सगळ्या जगाने ऐकलं. याहून खरी खूण माझ्या वहीत दुसरी नाही.”

“रूफस, मी विनवणी करते.”

“मिस नेवा, मी लिहिलेलं आजवर खोडलं नाही. तू शनिवारी ये, टाळ्या घे, बाक कोरून तयार आहे.” त्याने दाताळ्याने पानं सारखी केली. तो काही मला टोमणा मारत नव्हता. त्याला खरोखरच यात अडचण दिसत नव्हती.

आठवडाभर ऑर्लीनच्या स्वयंपाकघरात दिवा दिसायचा, फाटक मात्र वाजलं नाही. शनिवारी सहा वाजता मी निळा झगा घातला. तो मी स्टेजवर जाण्यासाठी उन्हाळ्यात शिवून घेतला होता. मग तो उतरवून रोजचा घातला आणि कुंपणाचं फाटक उघडून ऑर्लीनच्या मागच्या दाराशी गेले.

तिने दार उघडलं. “आज तुझा दिवस ना?”

“माझं भांडं न्यायला आले,” मी म्हणाले.

भांडं धुऊन ओट्यावर ठेवलेलं होतं, चिकटपट्टी वर दिसेल असं पालथं. तिने ते उचललं नाही, माझ्या हातात दिलं नाही. बाजूला झाली, आणि मी आत गेले. रेडिओ लावलेलाच होता. आम्ही टेबलाशी बसलो, मधली खुर्ची रिकामी ठेवून. तिने दोन पेले थंड चहा ओतला, साखर जास्त, हर्शलला लागायची तेवढी.

 बहिणी गायल्या, पिठाची जाहिरात झाली. मग टॅल्मेजने पंचवीस वर्षांची गोष्ट सांगितली, बापाची डुकरं, लेस्टर, सगळं. माझं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या, थांबल्या. त्याने परत पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा आवाजात विनोद नव्हता. “बरं,” म्हणाला, “येईल.” आणि पुढचं गाणं लावून दिलं.

ऑर्लीनने पेल्यातला बर्फ हलवला. “तिथं असावंसं वाटतंय?”

आता खोटं बोलायचं नाही एवढं एकच मी स्वतःशी ठरवलेलं होतं. “हो,” मी म्हणाले. “फार.”

“वाटलंच मला,” ती म्हणाली. ती उठली, वाटलं दार दाखवते. तिने रेडिओचा आवाज वाढवला आणि येऊन मधल्या खुर्चीत बसली, माझ्या शेजारी.

आठला पाच कमी असताना खेचर आलं. फिडल दौडत आले आणि अडले. तिकडे वखार गप्प, इकडे आम्ही. फिडलवाला बो उचलून चौथ्या बाकाकडे बघत असणार, मला इथून दिसत होतं. आणि तेव्हा माझ्या बरगडीत कोपर लागलं. हलकं, नवशिक्याचं, जरा उशिराच. ऑर्लीन समोर रेडिओकडेच बघत होती.

मी तोंड उघडलं. घशातून काहीही आलं नाही. तिने पुन्हा ढुशी दिली, या वेळी जोरात, आणि मी तशीच आ वासून बसले. रेडिओवर सगळे थोडा वेळ वाट बघत राहिले. मग वाजवणाऱ्यांनी आपलं आपणच पुढे वाजवायला घेतलं.